पहिल्या कॅरिबूचं मुंडकं

मुंडकं निम्म्याहून जास्त शिजलं होतं, तेव्हा सियासी तंबूत आली, पातेल्यात डोकावली आणि किंचाळली.

"काय झालं, सासूबाई? वाफ लागली का?" अकिनिसीने विचारलं.

सियासी खरं तर अकिनिसीची सून. पण तिच्या जन्माच्या आधी अकिनिसीची सासू वारली होती आणि तिचंच नाव या पोरीला ठेवलेलं होतं. उत्तरेच्या त्या बर्फाळ मुलखात नाव आलं की नातंही सोबत येतं. त्यामुळे अकिनिसी सुनेला सासूबाई म्हणे, अहोजाहो करी, आणि खऱ्या सासूकडून जे ऐकून घेतलं होतं त्यातलं बरंचसं आता दुसऱ्यांदा ऐकून घेई. सियासी एरवी तिला आईच म्हणायची. पण वादात जिंकायचं असलं की हळूच 'सूनबाई' अशी हाक मारायची, की अकिनिसीचं तोंड बंद. गावात दुसऱ्या कोणाला ते जमलेलं नव्हतं.

"आई, हे वेंडेलचं मुंडकं आहे?"

"वेंडेलचं त्याच्या मानेवर आहे. हे त्याच्या कॅरिबूचं."

"तेच म्हणतेय मी! शिजवलंत कशाला?"

"कच्चंच वाढणार होते. पण म्हाताऱ्यांच्या तोंडात दात कुठे राहिलेत?"

सियासी उलट्या ठेवलेल्या डब्यावर मटकन बसली. चेहरा असा, की जणू होडी बुडाली आणि आत घरची सगळी माणसं होती.

तुमासी म्हणजे अकिनिसीचा एकुलता एक मुलगा. बरीच वर्षं खाणीत कामाला होता. खाण लांब; एकदा गेला की आठवडेच्या आठवडे तोंड दिसायचं नाही, आणि घरी आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. त्या उन्हाळ्यात त्याने खाण सोडली आणि नदीच्या वरच्या अंगाला, जिथे कॅरिबूंचे, म्हणजे तिकडच्या रानहरणांचे, कळप पाणी ओलांडतात तिथे, पाहुण्यांसाठी शिकारीचा तळ टाकला. तंबू उभे केले, होडी घेतली, आईला स्वयंपाकाला आणली. दक्षिणेकडची एक कंपनी शिकारी पाठवायला कबूल झाली होती. पण आधी परीक्षा म्हणून त्यांनी एकच माणूस धाडला. वेंडेल. गाद्यांचा दुकानदार आणि कंपनीच्या मालकाचा सख्खा मेहुणा. हा खूश होऊन गेला तर पुढच्या वर्षी पाहुण्यांची रांग. नाराज होऊन गेला तर कंपनी नदीपलीकडच्या दुसऱ्या कोणाच्या तळावर जाणार आणि तुमासी परत खाणीत.

तुमासीने हे आईला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिने पीठ मळता मळता उत्तर दिलं होतं, "माझ्या हातचं खाऊन नाराज झालेला माणूस अजून जन्माला यायचाय."

वेंडेल खायला उत्तम होता. नेमबाजीत मात्र आनंदीआनंद. रोज सकाळी तुमासी त्याला, कळपाला वास लागू नये अशा बेताने नेऊन, झुडपांमागे पालथा झोपवून, जनावर अगदी समोर दाखवायचा. वेंडेल बार काढायचा, कळप उधळायचा, आणि दोघं चहाला परत यायचे. त्याला न्यायला विमान यायची वेळ जवळ येत चालली होती. तुमासीची झोप उडाली होती.

आणि आज सकाळी होडी काठाला लागली तर आत हा एवढा नर! शिंगं होडीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. अकिनिसीने वेंडेलच्या छातीला बोट लावलं, मग जनावराला बोट लावलं आणि भुवया उंचावल्या. वेंडेलने मान हलवली.

"पहिलंच?" तिने तुमासीला विचारलं. "म्हणजे जन्मातलं?"

"हो, जन्मातलं," तुमासी म्हणाला. आईकडे न बघताच त्याने मुंडकं खडकावर ठेवलं, मांस उतरवलं आणि "मासे धरायला जातो" म्हणून पाहुण्याला घेऊन निघूनही गेला. चहासुद्धा घेतला नाही. अकिनिसीला ते जरा विचित्र वाटलं, पण तिला वेळ कुठे होता? पहिलं जनावर म्हणजे काय साधी गोष्ट!

माणसाचं पहिलं जनावर त्याचं नसतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ते सगळं वाटून टाकायचं. मारणाऱ्याने त्यातला एक घास तोंडात घालायचा नाही. मुंडकं, म्हणजे गालाचं मांस, जीभ, डोळे, सगळा उत्तम माल, गावातल्या म्हाताऱ्यांना. मग त्या हाताला आयुष्यभर जनावर मिळतं. पोरं बारा-तेरा वर्षांची असताना हे उरकतात. वेंडेल साठीला टेकला होता. उशीर झाला होता, पण म्हणून काय रिवाज सोडायचा?

अकिनिसीने गावाशी बोलायचा रेडिओ उचलला. गावातल्या प्रत्येक घरात तो सुरूच असतो, त्यामुळे एकाला सांगितलं की सगळ्यांना सांगितल्यासारखंच. "आमच्या पाहुण्याने पहिलं जनावर मारलंय. म्हाताऱ्यांनी जेवायला यावं," एवढं बोलून ती कामाला लागली. पाहुणे लोक शिंगं घेऊन जातात हे तिने पाहिलं होतं. पलीकडच्या तळावरून उडणाऱ्या विमानांच्या पायांना शिंगं बांधलेली असत. शिंगांना चव नाही, तरी नेतात बिचारे, असं तिला वाटे. म्हणून तिने आठवणीने शिंगं काढून ठेवली. विमानात अडचण नको म्हणून करवतीने मधोमध कापून त्यांचे दोन सुटसुटीत भाग केले. तोंडाचं कातडं उलूने, म्हणजे आपल्या अर्धगोल सुरीने, सोलून कुत्र्यांना टाकलं. अंगाचं कातडं घासायला पसरलं आणि त्यातून पायांचं कापून घेतलं, कारण पायांच्या कातड्याचे बूट टिकतात. मग मुंडकं पातेल्यात सोडलं आणि घाम पुसला. स्वतःवरच ती खूश होती.

"आई, ही माणसं मुंडकं भिंतीवर लावतात," सियासी म्हणाली.

"कशाला?"

"बघायला."

"कोणी बघायचं?"

"येणाऱ्याजाणाऱ्यांनी. कातडं तसंच ठेवतात, आत भुसा भरतात, काचेचे डोळे बसवतात."

अकिनिसीने पातेल्यात डोकावून पाहिलं. "खरे डोळे असताना?"

"आई, तो त्याच्यासाठीच आलाय! त्याने घरची भिंत रिकामी करून ठेवलीय. रोज जेवताना काय सांगतो मग तो?"

"मला काय माहीत? तुम्ही भाषांतर केलं नाहीत. मला वाटलं, रस्सा चांगला झालाय म्हणतोय."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी चांगलाच होतो."

सियासीने डोकं धरलं. मग दोघी उठल्या. सियासीने चिकटपट्टी आणली आणि शिंगांचे दोन भाग जोडायला बसली. जोडले, पण एक शिंग पुढे आणि एक मागे बघायला लागलं. जनावर जिवंतपणी असं दिसलं असतं तर कळपानेच हाकलून दिलं असतं. उलटं करून पुन्हा जोडलं तर आणखी वाईट. मग सियासी कुत्र्यांकडे धावली. कातड्यातला एक कान तेवढा शिल्लक होता आणि तो म्होरक्या कुत्र्याच्या तोंडात होता. एकदा दिलेली वस्तू परत मागणाऱ्या माणसाकडे बघावं तसं त्याने सियासीकडे बघितलं आणि कान गिळला.

"दुसरं मुंडकं आणू या," अकिनिसी म्हणाली. "नर नर सगळे सारखेच."

"त्याने फोटो काढलेत."

"मग निदान म्हाताऱ्यांना तरी थांबवा."

सियासीने रेडिओवर गावाला हाक मारली. माइनाची नात बोलली. होड्या कधीच निघाल्या होत्या. आजी पुढे बसली होती, नवा रुमाल बांधून.

माइना गावातली सर्वांत म्हातारी बाई. अंत्यविधीलाही ती हल्ली जात नसे. अंग दुखतं म्हणायची. मुंडक्यासाठी मात्र आली. होड्या एकामागून एक काठाला लागल्या, त्यांतून म्हाताऱ्या उतरल्या, प्रत्येकीच्या हातात आपापला वाडगा आणि आपापली उलू. आणि नशीब असं, की त्याच वेळी वरच्या अंगाने तुमासीची होडी आली. वेंडेल हातात मासा धरून उभा होता.

म्हाताऱ्यांनी मासा बघितलाही नाही. त्यांनी वेंडेललाच धरलं. एकीने बाही ओढली, दुसरीने पाठीवर बुक्के घातले, तिसरीने टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली. पहिली शिकार करणाऱ्या पोराचे असेच लाड करतात. फरक एवढाच, की पोर वजनाला हलकं असतं. वेंडेल घसरून चिखलात बसला. तेव्हा माइनाने पुढे होऊन त्याचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, गालाला नाक लावून खोल श्वास घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "शिकारी झालास रे पोरा. आता तुझ्या घरात कोणी उपाशी राहायचं नाही."

सियासीने ते इंग्रजीत सांगितलं. वेंडेलचा चेहरा पडला. त्याने तुमासीकडे बघितलं. तुमासी होडीच्या दोरीला गाठ मारत होता. गाठ आधीच मारलेली होती.

"चांगला शिकवलास हो पाहुण्याला," माइना तुमासीला म्हणाली. तुमासीने तीच गाठ सोडून पुन्हा मारली.

मग सगळे तंबूत बसले. वेंडेलला मधोमध, मानाच्या जागी बसवलं. पातेल्याचं झाकण निघालं आणि असा वास सुटला की माइनाने वाडगा दोन्ही हातांनी पुढे केला. वेंडेलनेही केला. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. अकिनिसीने पळीने त्याचा वाडगा हळूच बाजूला सारला. त्याला वाटलं, आधी म्हाताऱ्यांना. त्याने वाट बघितली आणि पुन्हा पुढे केला. या खेपेला पळी वाडग्यावर टणकन वाजली.

"त्याला डब्यातल्या घेवड्याच्या शेंगा द्या, सासूबाई."

"आई, मालकाचा मेहुणा आहे तो!"

"मालक असला तरी नाही. आज याने खाल्लं तर जन्मात दुसरं जनावर मिळायचं नाही. त्याच्याच भल्याचं करतेय मी."

अशा रीतीने मानाच्या जागी बसून, सगळ्या म्हाताऱ्या बोटं चाटत असताना, कंपनीच्या मालकाचा मेहुणा थंडगार शेंगा खात बसला. त्यांतली एक शेंग तो बराच वेळ चावत होता. आणि तेवढ्यात माइनाने तळाशी काही राहिलंय का म्हणून पातेल्यात हात घातला आणि अख्खी कवटी वर काढली. स्वच्छ, पांढरी, माथ्यावर करवतीच्या सरळ खुणा असलेली. वेंडेलने कवटीकडे बघितलं. मग कोपऱ्यात चिकटपट्टी लावलेली, एकमेकांकडे पाठ फिरवून उभी असलेली शिंगं बघितली. त्याने शेंगांचा डबा खाली ठेवला, उठला आणि बाहेर गेला.

"झालं," सियासी पुटपुटली. "खाण सोडून आलेला परत खाणीत."

अकिनिसीने कापडाच्या फटीतून बघितलं. वेंडेल उपड्या होडीवर पाठमोरा बसला होता. तुमासी लांब उभा होता, खिशात हात घालून. खाणीला जायच्या आदल्या दिवशी तो असाच उभा राहायचा.

"आई, जाऊन माफी मागा."

"मी? कशाची? मान केला मी त्याचा. आमच्या तुमासीच्या पहिल्या जनावराला एवढी माणसं आली नव्हती."

"आई."

"मी माझ्या नवऱ्याची माफी मागितली नाही कधी. आणि त्यात चूक बहुतेक वेळा माझीच असायची."

"सूनबाई," सियासी शांतपणे म्हणाली.

अकिनिसीने पळी खाली ठेवली.

ती बाहेर आली, वेंडेलच्या समोर जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, मग ते शोभणार नाहीत म्हणून काढले. सियासी शेजारी होती. "सांगा त्याला," अकिनिसी म्हणाली, आणि पुढचे शब्द तिने असे काढले जसं पायात रुतलेलं हाड काढतात, "सांगा, की माझं चुकलं. विचारायला हवं होतं. भिंतीचं मला माहीत नव्हतं. माझा राग माझ्या पोरावर काढू नको. त्याला पुन्हा जमिनीच्या पोटात पाठवू नको म्हणावं."

सियासीने सांगितलं. वेंडेलने हातानेच 'नको' म्हटलं. मग एकदम बोलायला लागला. भराभर, हातवारे करत. सियासीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"काय म्हणतो?"

"काही नाही."

"एवढं बोलला आणि काही नाही?"

"आई, तो म्हणतो... तो म्हणतो मुंडक्याचं जाऊ दे. त्या म्हाताऱ्या बाईने त्याचा चेहरा हातात धरला, रडली, ते त्याला सोसत नाहीये. म्हणतो, जनावर त्याने मारलंच नाही. त्याने बार काढला तेव्हा डोळे मिटले होते. बंदुका दोन वाजल्या. आणि जनावराला भोक एकच होतं."

अकिनिसीने मान वळवली. "तुमासी!"

तुमासी आला. लहानपणी साखर चोरल्यावर यायचा तसा, एका बाजूने.

"तू मारलंस?"

"आई, रोज चुकत होता तो. उद्या-परवा विमान येणार. रिकाम्या हातांनी गेला असता तर..." त्याने वाक्य तिथेच सोडलं. "मला वाटलं, त्याच्या लक्षात येणार नाही."

"आणि मी विचारलं तेव्हा पहिलंच म्हणालास!"

"त्याचं पहिलंच झालं असतं. लागलं असतं तर."

अकिनिसी एकदा मुलाकडे, एकदा पाहुण्याकडे बघत राहिली. मुलाने कशासाठी केलं ते तिला कळत होतं. त्याच गोष्टीसाठी ती आत्ता इथे उभी होती. पण आतून काहीतरी भडकून वर आलंच.

"सासूबाई, त्याला सांगा, माझी माफी परत दे."

"आई, असं कसं सांगू?"

"जन्मात एकदा मागितली, आणि तीही फुकट गेली! ज्याचं जनावर नाही त्याची कसली माफी? परत घेतली म्हणावं."

सियासीने कसं सांगितलं कोण जाणे, पण वेंडेल दचकला आणि मग हसायला लागला. हसता हसता त्याच्या पोटातून मोठा आवाज झाला. अकिनिसीला इंग्रजी येत नव्हतं, पण ही भाषा चांगली येत होती.

"तुझं जनावर नाही ना?" ती त्याला आपल्याच भाषेत म्हणाली. "मग तुला खायला कसली बंदी? चल."

तिने त्याला तंबूच्या मागे नेऊन बसवलं, म्हाताऱ्यांना दिसणार नाही असं, आणि बाजूला काढून ठेवलेलं गालाचं मांस वाडगाभरून दिलं. त्याने वाडगा पुसून खाल्ला. दुसराही. तुमासी आशेने जवळ आला, तेव्हा तिने त्याच्या हातात शेंगांचा अर्धा डबा दिला.

"माइना आत्याला सांगायचं का?" सियासीने विचारलं.

"आत्ता? पोट भरल्यावर? माणसाची झोप मोडू नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी निघाली तेव्हा अकिनिसी आत जाऊन बसली. तुमासीची बंदूक तिच्या मांडीवर आणि गोळ्या तिच्या खिशात.

"आई, तू कशाला?"

"हवा खायला."

कळप उतारावरून खाली येत होता. वेंडेल पालथा झोपला. अकिनिसी त्याच्या शेजारी झोपली, आणि त्याने बंदूक खांद्याला लावून डोळे मिटताच तिने त्याच्या कानाला चिमटा काढला. डोळे उघडले. पुन्हा मिटले, पुन्हा चिमटा. कान लालबुंद झाला, आणि मग एकच बार वाजला. पलीकडे एक नर गुडघ्यांवर बसला, आडवा झाला आणि उठला नाही. वेंडेल सावकाश उठून बसला. नंतर बंदूक खाली ठेवून त्याने टोपी काढली.

होडी तळावर आली तेव्हा सियासी मीठ घेऊन काठावर उभी होती. या खेपेला कातडं वाया जाऊ द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. सुरीला धार लावलेली, कुत्रे लांब बांधलेले. वेंडेलने मुंडकं स्वतः उचललं, धापा टाकत काठ चढला, सियासीच्या आणि मिठाच्या समोरून गेला आणि तंबूत जाऊन चुलीपाशी, पातेल्याच्या शेजारी, मुंडकं ठेवलं.

"हे पहिलं आहे ना?" त्याने सियासीला विचारलं. "मग हे माझं नाही."

"आणि तुझी भिंत?"

"दुसरं माझं असतं ना?" त्याने काल सियासीकडून सगळा रिवाज नीट ऐकून घेतला होता. "दुसऱ्यासाठी पुढच्या वर्षी येतो. मेहुण्यालाही आणतो. त्याचंही पहिलंच असेल, म्हणजे त्याला दोनदा यावं लागेल."

सियासीने हे तुमासीला सांगितलं. तुमासी खाली वाकून बुटाची दोरी बांधायला लागला आणि बराच वेळ वर आला नाही. अकिनिसीने त्याच्याकडे बघायचं टाळलं. चुलीत लाकडं सारली, पाणी चढवलं आणि मग रेडिओ उचलला. उचलल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आता काय सांगायचं हा प्रश्नच आहे.

"माइना आत्या," ती म्हणाली, "आमच्या पाहुण्याने पहिलं जनावर मारलंय. जेवायला या."

रेडिओ खरखरला. सगळं गाव ऐकत होतं.

"काल मारलं ते?" माइनाने विचारलं.

"तेही पहिलंच होतं."

"अगं, मग हे कितवं पहिलं?"

अकिनिसीने चुलीपलीकडे बघितलं. वेंडेल लाल कान चोळत बसला होता. तुमासी अजून बुटातच होता.

"खायचं असेल तर या, आत्या. मोजायचं असेल तर घरी बसा."

रेडिओ पुन्हा खरखरला. मग माइना म्हणाली, "बरं, नाही मोजत. पण मग या खेपेला जीभ अख्खी माझी."